नागपूर ते लंडन : अंतर किती, वेळ किती आणि 'जवळचा मार्ग' कोणता?

गेल्या पावसाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातून एक काका मुलीला घेऊन आमच्या नागपूरच्या अभ्यासिकेत आले. मुलीला लंडनच्या विद्यापीठात एम.ए.साठी प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीही मंजूर झाली होती. घरातून पासपोर्ट काढणारी ती पहिलीच. काकांनी कागदांची फाईल टेबलावर ठेवली, पाणी घेतले आणि पहिलाच प्रश्न केला, "मॅडम, लंडन किती दूर आहे जी?"

मी सांगितले, साडेसात हजार किलोमीटर. त्यांनी मान हलवली. साडेसात हजार म्हणजे किती, हे त्यांना कळले नसावे आणि खरे सांगायचे तर मलाही ते नुसते तोंडपाठ होते. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "मंग पोरगी किती वाजता पोचन?"

त्यांच्या हातातल्या तिकिटाच्या नमुन्यावर सुटण्याची वेळ पहाटे ४ आणि पोचण्याची दुपारी १.३० अशी छापली होती. काकांनी बोटावर मोजून साडेनऊ तास काढले होते. शेजारच्या दुकानदाराने त्यांना 'लंडन म्हणजे दोन दिवस' असे सांगितले होते. मुलीच्या मोबाईलवर चौदा तास दाखवत होते. तिन्ही आकडे वेगळे, आणि तिन्हींत थोडे थोडे खरे होते. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये हेच प्रश्न घेऊन पालक येतात, म्हणून या वेळी सगळे नीट लिहून काढते आहे.

आधी अंतर. आपल्याला वाटते दोन गावांमधले अंतर म्हणजे एक ठरलेला आकडा. तसे नसते. नागपूर-मुंबईचेच घ्या. रेल्वेने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत ८३७ किलोमीटर होतात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, आणि तोही भिवंडीजवळ संपतो. पक्षी सरळ उडाला तर मात्र सुमारे ६८० किलोमीटर. गावे तीच, आकडे तीन. विमानाच्या बाबतीत जे अंतर सांगितले जाते ते या पक्ष्याच्या अंतरासारखे असते. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणे जोडणारी सर्वांत आखूड रेषा. त्या हिशेबाने नागपूर ते लंडनचा हिथ्रो विमानतळ सुमारे ७,४७० किलोमीटर, आणि मुंबई ते हिथ्रो सुमारे ७,२१० किलोमीटर.

ही आखूड रेषा भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढता येत नाही. नकाशा सपाट आहे, पृथ्वी गोल आहे. अभ्यासिकेत आमच्याकडे शाळेतला असतो तसा फूटभर व्यासाचा पृथ्वीगोल आहे. काकांच्या मुलीला मी शिवणाचा दोरा दिला आणि एक टोक नागपूरवर, एक लंडनवर धरून ताणायला सांगितले. दोरा साधारण अठरा सेंटीमीटर भरला. पण गंमत त्याच्या वाटेत होती. नकाशावर पाहिले तर लंडन नागपूरच्या बरेचसे पश्चिमेला वाटते, म्हणजे विमान अरबी समुद्रावरून आडवे जाईल असे वाटते. दोरा मात्र निघतानाच उत्तरेकडे चढला. राजस्थान, पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कॅस्पियन समुद्र, रशियाचा दक्षिण भाग, युक्रेन, पोलंड, जर्मनी आणि मग लंडन. नकाशावरच्या सरळ रेघेने, म्हणजे होकायंत्राचा काटा एकाच दिशेला धरून गेलो, तर अडीचशेहून जास्त किलोमीटर वाढतात. घरी गोल नसेल तर मुलाच्या फुटबॉलवर पेनाने दोन ठिपके काढून हे करून पाहता येते.

आता दोऱ्याखाली आलेल्या देशांची नावे पुन्हा वाचा. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले आणि ती बंदी पुढे महिन्या-महिन्याने वाढत गेली. भारतानेही काही दिवसांत त्यांच्या विमानांना तेच केले. अफगाणिस्तानवरून जाणे २०२१ च्या सत्तांतरानंतर बराच काळ बहुतेक कंपन्यांनी टाळले. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. रशियाने त्याच वर्षी ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या कंपन्यांना मनाई केली. ही काळजी फुकाची नाही. जुलै २०१४ मध्ये पूर्व युक्रेनवरून जाणारे मलेशियाचे प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यातली सगळी २९८ माणसे मेली. आपला दोरा जवळपास त्याच भागावरून जातो.

थोडक्यात, पुस्तकातली 'सर्वांत जवळची' रेषा आजच्या घडीला पूर्ण उडताच येत नाही. विमान वळसा घालते. अरबी समुद्र, आखाताचा परिसर, तुर्कस्तान, मग युरोप अशी वाट त्या त्या वेळच्या परिस्थितीनुसार धरली जाते. आणि यातही एक विचित्र गोष्ट आहे. पाकिस्तानची बंदी भारतीय कंपन्यांना आहे, ब्रिटिश कंपनीला नाही. त्यामुळे एकाच दिवशी दिल्लीहून लंडनला निघालेल्या दोन विमानांपैकी एक सरळ वायव्येला जाते आणि दुसरे आधी नैर्ऋत्येला, गुजरातच्या बाजूला उतरून समुद्रावरून फिरून जाते. तिकिटावर दोन्हीकडे 'दिल्ली-लंडन, थेट' असेच लिहिलेले असते. दोघांच्या वेळेत मात्र फरक पडतो.

हे सगळे आपल्या मुलांना कशाला हवे, असे कुणी विचारेल. शिष्यवृत्तीच्या नियमात आहे म्हणून हवे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत जाण्यायेण्याचे विमानभाडे मिळते, पण इकॉनॉमी वर्गाचे आणि जवळच्या मार्गाचे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतही विमानप्रवासाचा खर्च धरलेला आहे. मुले विचारतात, "ताई, जवळचा मार्ग म्हणजे नेमका कोणता?" नागपूरहून लंडनला थेट विमान नाही, म्हणून कुठेतरी बदलावेच लागते. तीन नेहमीचे पर्याय मोजून पाहिले. दिल्लीमार्गे सुमारे ८५० आणि ६,७३० मिळून ७,५८० किलोमीटर. मुंबईमार्गे ६८० आणि ७,२१० मिळून ७,८९०. दोहामार्गे २,८४० आणि ५,२४० मिळून ८,०८०. (हे सगळे सरळ रेषेचे आकडे, वळसे सोडून.)

म्हणजे कागदावर दिल्ली सर्वांत जवळची. सरळ रेषेपेक्षा जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर जास्त. पण पाकिस्तानच्या वळशामुळे भारतीय कंपनीच्या विमानाला दिल्लीहून लागणारा वेळ वाढला आहे, आणि मुंबईचे विमान मुळातच समुद्रावरून निघत असल्याने तिला ही झळ कमी बसते. दोहा सर्वांत लांबची, पण नागपूरहूनच परदेशी विमान मिळत असेल आणि दोहातला थांबा तीन तासांच्या आत असेल, तर एकूण तास तिचेच कमी भरतात. किलोमीटरने जवळचा, तासांनी जवळचा आणि पैशाने जवळचा असे तीन वेगळे मार्ग निघू शकतात. म्हणून तिकीट काढण्याआधी आपल्या शिष्यवृत्तीच्या कार्यालयाला लेखी विचारा की परतावा कोणत्या मार्गाचा आणि कोणत्या विमानतळापासून धरला जाईल. तोंडी उत्तरावर विसंबू नका. बोर्डिंग पास तर अजिबात फेकू नका. लंडनला उतरल्यावर तो कचऱ्यात टाकणारी आणि सहा महिन्यांनी मला फोन करणारी मुले मी पाहिली आहेत.

आता वेळेकडे येऊ. लांब पल्ल्याचे विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडते. ७,२१० ला ९०० ने भागले तर आठ तास येतात. प्रत्यक्षात मुंबईहून लंडनला जाताना साडेनऊ ते दहा तास लागतात आणि परत येताना साधारण तासभर कमी. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणे, चढणे, उतरणे, वळसे यांत काही वेळ जातो. पण जाण्यायेण्यातला फरक कशामुळे?

काकांनी यावर एक फार चांगला तर्क लढवला होता. ते म्हणाले, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना, मग विमान नुसते वर जाऊन थांबले तर लंडन आपोआप खाली यायला पाहिजे. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नागपूरच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५५० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. पण जमिनीबरोबर हवाही फिरते, आणि विमान हवेत असते. चालत्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये तुम्ही जागच्या जागी उडी मारली तर त्याच जागी पडता, मागच्या डब्यात जात नाही. तसेच हे.

फरक पाडतो तो वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमके विमाने उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात. इंग्रजीत त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरच्या पुढे सहज जातो. लंडनला जाताना हा वारा तोंडावर येतो, येताना पाठीवर. वाटभर सरासरी ६० किलोमीटरचा वारा धरला तरी जाताना जमिनीवरचा वेग ८४० होतो आणि येताना ९६०. सायकलवर वर्ध्याच्या वाऱ्याला तोंड देत शाळेत गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा असतो, त्यात जमिनीवरचा वेग दाखवतात. मुलांना सांगते, जाताना आणि येताना तो आकडा वहीत लिहून ठेवा.

आता घड्याळाचा गोंधळ. तिकिटावर छापलेली वेळ ही नेहमी त्या त्या गावाची असते. सुटण्याची वेळ नागपूरची, पोचण्याची लंडनची. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरवली आहे, लंडनमधले ग्रीनिच शून्य अंशावर. ८२.५ भागिले १५ बरोबर साडेपाच. भारत साडेपाच तास पुढे. पण ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. म्हणून सप्टेंबरमध्ये जाणाऱ्या मुलांसाठी फरक साडेचार तासांचा असतो.

काकांचे कोडे इथे सुटते. पहाटे ४ ते दुपारी १.३० म्हणजे दिसायला साडेनऊ तास. त्यात साडेचार मिळवा, चौदा तास होतात. मुलगी लंडनला दुपारी दीडला उतरेल तेव्हा गडचिरोलीत संध्याकाळचे सहा वाजलेले असतील. काकांनी फाईलच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'संध्याकाळी ६' लिहून घेतले. मी त्यांना आणखी एक लिहायला लावले: दिवाळीच्या आसपास हा फरक एका तासाने वाढेल. दरवर्षी त्या रविवारनंतर कुणाची तरी आई घाबरून फोन करते की पोरगी ठरल्या वेळी बोलली नाही. पोरगी तासाभराने बोलते.

पण खरा प्रवास विमानतळावर सुरू होत नाही, आणि माझ्या अनुभवात मुले अडकतात ती हवेत नाही, जमिनीवर. मुंबईमार्गे जाणाऱ्या मुलीचा हिशेब उलटा मांडून पाहू. समजा मुंबईहून विमान १५ तारखेला रात्री २ वाजता आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी पोचायचे, म्हणजे १४ तारखेच्या रात्री ११ ला ती काउंटरपाशी हवी. मधे उशीर होऊ शकतो म्हणून नागपूरचे विमान संध्याकाळी ६ च्या आतले पाहिजे. नागपूर विमानतळावर चारला हजर. गडचिरोलीहून बसने चार तास, वाटेतला पाऊस आणि बंद पडणारी बस धरून घर सकाळी १० ला सोडायचे. मुंबईहून पावणेदहा तासांनी ती १५ तारखेला लंडनच्या सकाळी सव्वासातला उतरेल. इमिग्रेशनची रांग, बॅग, मेट्रो, आणि खोलीवर पोचेपर्यंत तिथले १० वाजतील, आपले दुपारचे अडीच. सकाळी १० पासून दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच, साडेअठ्ठावीस तास. त्यातले हवेत घालवलेले सव्वाअकरा. बाकीचे सतरा तास बस, बाक, रांगा आणि वाट पाहणे.

दुकानदार 'दोन दिवस' म्हणाला होता. तोही फार चुकला नव्हता.

मुंबईत किंवा पुण्यात राहणाऱ्या मुलाचा लंडनचा प्रवास आणि गडचिरोलीच्या मुलीचा प्रवास नकाशावर जवळजवळ सारखाच लांब आहे. तासांत मात्र तो दीडपट-दुप्पट होतो. हे सतरा तास कुठल्याही शिष्यवृत्तीच्या रकान्यात नसतात. आदल्या रात्रीचे लॉज, नातेवाईकांची गाडी, रात्रभराचा चहा-नाश्ता हे सगळे घरच्यांच्या खिशातून जाते, आणि ते वाचवायला म्हणून लोक थांबा कमी करतात. तिथेच घात होतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका मुलाने नागपूर-मुंबई आणि मुंबई-लंडन अशी दोन वेगवेगळी तिकिटे काढली. एकत्र तिकिटापेक्षा काही हजार वाचत होते. एजंटाने 'मधे साडेतीन तास आहेत, भरपूर झाले' असे सांगितले. सप्टेंबरचा पाऊस, नागपूरहून विमान दोन तास उशिरा सुटले. मुंबईत तो देशांतर्गत टर्मिनलला उतरला, बॅगेसाठी थांबला, मग पावसात टॅक्सी करून आंतरराष्ट्रीय टर्मिनलला गेला. काउंटर बंद झाले होते. तिकिटे वेगळी असल्याने पहिल्या कंपनीची जबाबदारी नाही, दुसरीच्या दृष्टीने तो आलाच नाही. आयत्या वेळचे नवे तिकीट जवळपास आधीच्या दोन्हींइतके पडले. त्या रात्री विहारातल्या लोकांनी एकमेकांना फोन करून पैसे गोळा केले म्हणून पोरगा गेला. त्याच्या आईने ते पैसे पुढे वर्षभर थोडे थोडे करून फेडले. कुणी मागितले नव्हते तरी.

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट अडून सांगते. संपूर्ण प्रवासाचे तिकीट एकाच क्रमांकावर काढा, म्हणजे एकच पीएनआर. मग मधले विमान चुकले तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची राहते, आणि बॅगही बहुतेक वेळा थेट लंडनपर्यंतचा टॅग लावून जाते. नागपूरच्या काउंटरवर तो टॅग वाचून घ्या. त्यावर हिथ्रोसाठी 'एलएचआर' ही तीन अक्षरे असली पाहिजेत. लंडनला हिथ्रोखेरीज गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे आणखी विमानतळ आहेत, त्यामुळे 'लंडन' एवढे वाचून समाधान मानू नका. परदेशात थांबा असेल तर तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा, एजंटाच्या तोंडून नको.

मुंबईबाबत आता आणखी एक सावधगिरी आली आहे. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने सुरू झाली आहेत. नागपूरचे विमान नवी मुंबईला उतरते आणि लंडनचे सहारहून सुटते, असे तिकीट पडद्यावर 'मुंबई-मुंबई' म्हणून दिसू शकते. मधे मुंबईच्या रस्त्यावरचे पस्तीस-चाळीस किलोमीटर आहेत. संध्याकाळच्या वेळी तेवढ्यात माणूस नागपूरहून मुंबईला विमानाने येतो.

सामान आणि माणूस वेगळे पडले की काय होते, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. १९१७ मध्ये लंडनहून परतताना बाबासाहेबांनी सामान दुसऱ्या जहाजाने पाठवले होते. पहिले महायुद्ध चालू होते, ते जहाज पाणतीराने बुडवले गेले आणि पुस्तके समुद्रात गेली. त्या काळी मुंबई ते लंडन हा सुवेझ कालव्यातून साडेअकरा हजार किलोमीटरच्या पुढचा जलमार्ग होता. ४ ऑक्टोबर १९३० रोजी पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ते 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने मुंबईहून निघाले आणि लंडनला पोचायला त्यांना सुमारे दोन आठवडे लागले. पुढे ८ जून १९४८ ला एअर इंडियाची 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाली, तेव्हा दोन आठवड्यांचे काम दीड-दोन दिवसांवर आले. आज तेच काम दहा तासांवर आहे, आणि नागपूरच्या ज्या विमानतळावरून ही मुले निघतात त्याला बाबासाहेबांचेच नाव आहे. मुलांना मी एवढे सांगते की त्यांच्या ट्रंकेतली पुस्तके बुडाली, तुम्ही प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती मोठ्या बॅगेत टाकू नका. पासपोर्ट, प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीचे पत्र, मूळ गुणपत्रिका आणि दोन दिवसांची औषधे खांद्यावरच्या पिशवीतच ठेवायची.

शरीराचेही एक घड्याळ असते, ते तिकिटाबरोबर बदलत नाही. लंडनला पहिले काही दिवस संध्याकाळी सात-आठलाच डोळे मिटू लागतात आणि पहाटे तीनला जाग येते. साधारण दिवसाला एक तास याप्रमाणे ते जुळते, म्हणजे चार-पाच दिवस. त्यामुळे वर्ग सुरू होण्याच्या आदल्या दिवशी पोचू नये, निदान तीन-चार दिवस हातात ठेवावेत. खोलीची किल्ली कधीपासून मिळते ते पाहून तारीख ठरवावी.

राहिला तारखेचा प्रश्न, कारण सगळ्यांत जास्त चुका तिथे होतात. मुंबईची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१५ सप्टेंबर, ००:४५' असे असेल तर ते १४ तारखेच्या रात्रीचे जेवण झाल्यावरचे पाऊण. १५ च्या रात्री पोचलात तर विमान जाऊन चोवीस तास झालेले असतात. घरच्या कॅलेंडरवर १४ तारखेला गोल करा.

परतीच्या तिकिटावर उलटा खेळ असतो. समजा लंडनहून सोमवारी रात्री ९ ला निघाली आणि नऊ तासांनी मुंबईला उतरली, तर तिकिटावर '२१:०० – १०:३०' आणि शेजारी बारीक अक्षरात '+१' असे छापतात. ते +१ म्हणजे दुसरा दिवस, मंगळवार सकाळ. दिसायला साडेतेरा तास, साडेचार वजा केले की नऊ. शिवाय परतताना भारतात जिथे पहिल्यांदा उतरतो तिथेच कस्टमसाठी साधारणपणे बॅग ताब्यात घ्यावी लागते आणि नागपूरच्या विमानासाठी पुन्हा काउंटरवर द्यावी लागते, टॅग नागपूरचा असला तरी. म्हणून परतीचा मुंबईतला थांबा निदान चार तासांचा घ्या.

काकांची मुलगी आता सुट्टीत पहिल्यांदा घरी येते आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी फोन करून तिकीट वाचून दाखवले. निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, आणि थोडे थांबून म्हणाले, "अन् बाजूले एक बारीक अधिक एक आहे जी. म्हणजे आम्ही नागपूरले मंगळवारी याचं, सोमवारी नाई."

बरोबर, मंगळवारी.